लांब शब्द लवकर सापडतो

शोधायचा शब्द जितका लांब, तितका संगणकाला वेळ जास्त लागणार, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बरेचदा उलटंच घडतं.

१९७७ साली रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉथर मूर यांनी शब्द शोधण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तिची गंमत अशी, की ताडणी शेवटच्या अक्षरापासून सुरू होते. समजा, 'सरगम' शोधायचंय. मजकुराच्या चौथ्या अक्षराशी आधी 'म' ताडून बघायचा. तिथे 'ट' निघाला तर? 'सरगम'मध्ये 'ट' नाहीच, तेव्हा त्या जागेवरून जाणारा 'सरगम' असणं शक्य नाही. आधीची तीन अक्षरं न बघताच चार घरं उडी! 'र' निघाला तर दोनच घरं सरकायचं, म्हणजे आपला 'र' त्या 'र'खाली येतो, आणि पुन्हा शेवटापासून ताडणी. सगळीकडे पूर्ण उड्या मिळाल्या, तर १,००,००० अक्षरांपैकी २५,००० तपासून काम भागतं. शब्द दहा अक्षरी असेल, तर फक्त १०,०००. (अक्षरं उलटसुलट जुळत गेली, तर अर्थातच इतकी चैन नाही.)

आता कोड एडिटरमधली, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनातली, शोधखिडकी बघा. टाइप करता करताच ती शोधू लागते, आणि पहिलं अक्षर तिला सगळ्यात महाग पडतं: उडी एका घराची, सापडणाऱ्या जागा हजारो. म्हणून शहाण्या एडिटरने आधी पडद्यावर दिसणारा भागच रंगवावा, एकूण मोजणी मागून करावी, आणि पुढची कळ दाबताच जुना शोध अर्धवट टाकून द्यावा. रेग्युलर एक्स्प्रेशन (नेमक्या शब्दाऐवजी चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना) लिहिताना कंस उघडल्या उघडल्या 'चूक आहे' असा संदेश तोंडावर फेकणं हा तर निव्वळ आगाऊपणा. कंस बंद करायला माणसाला वेळ तरी द्या!

'तुमच्या मनातलं ओळखणाऱ्या' स्मार्ट शोधाचा सध्या फार गाजावाजा आहे. पण प्रोग्राममधल्या एखाद्या व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या चलाचं, नाव बदलताना जवळपासचा अर्थ काय कामाचा? तिथे नेमकं तेच नाव हवं, एका अक्षराचाही फरक नको.

शोधखिडकीच्या वागण्याबाबत ईमॅक्स या जुन्या एडिटरची रीत मला अजून आवडते. शोध सोडून दिला, की कर्सर जिथून निघाला तिथे परत. एंटर दाबलं, तर सापडल्या जागीच मुक्काम. फाइलचा शेवट आला, की गुपचूप वरून सुरुवात न करता 'पुढे काही नाही' असं आधी सांगायचं. तरीही तुम्ही पुन्हा कळ दाबलीत, तर मग वळसा.