पोर्टकडून की पंख्याकडून? स्विचमधल्या हवेच्या दिशेची पार्श्वभूमी

डेटा सेंटरसाठी नेटवर्क स्विच, म्हणजे सर्व्हरना केबलने एकमेकांशी जोडणारे खोके, मागवायला बसले की एकाच मॉडेलपुढे दोन पर्याय दिसतात. पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, तेवढेच; वेग तोच. फरक एवढाच की एकातले पंखे पोर्टांच्या बाजूने हवा आत ओढतात आणि दुसऱ्यातले पोर्टांच्या बाजूने बाहेर फेकतात. सर्व्हर घेताना असा प्रश्न येत नाही. तो पुढून हवा घेतो, मागून सोडतो, विषय संपला. स्विचच्याच वाट्याला हा घोळ का आला, याचे उत्तर उष्णतेत कमी आणि केबलमध्ये जास्त सापडते.

स्विचचे घराणे सर्व्हरपेक्षा वेगळे. १९ इंची रॅक, म्हणजे यंत्रे एकावर एक बसवायचा सांगाडा, हाच मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधून आला, रिले बसवण्यासाठी. तिथले रॅक उघडे असत आणि गरम हवा आपोआप वर जाई. पुढे १९९० च्या दशकात ऑफिसांत लॅन, म्हणजे संगणकांचे अंतर्गत जाळे, पसरले, तेव्हा हब आणि स्विच जाऊन बसले मजल्यावरच्या वायरिंगच्या कोनाड्यात, भिंतीला पाठ लावून. तिथे काम करणाऱ्याला एकच गोष्ट हवी होती: सगळ्या केबल आणि सगळे दिवे डोळ्यांसमोर. म्हणून पोर्ट पुढे आले. पाठीशी भिंत आणि तोंडावर केबलचे जंजाळ म्हटल्यावर हवेसाठी राहिल्या दोन कुशी. अनेक स्विचच्या पत्र्यावर जाळ्या कुशीलाच असत, आणि कोनाड्यात त्याने कोणाचे काही बिघडत नव्हते.

मोठ्या चॅसिस स्विचचे, म्हणजे एका सांगाड्याच्या खणांत कार्डे सरकवून भरायच्या स्विचचे, कारण आणखी निराळे. सिस्को या नेटवर्क कंपनीचा १९९९ मध्ये आलेला कॅटॅलिस्ट ६५०० घ्या. त्याच्या नेहमीच्या ९ खणी रूपात लाइन कार्डे आडवी, एकावर एक, पुढून सरकवलेली असतात. कार्डाची पुढची कड पोर्टांनी भरलेली आणि मागची बॅकप्लेनमध्ये रुतलेली. बॅकप्लेन म्हणजे पाठीला उभा असलेला भरीव सर्किट बोर्ड. त्यातून हवा आरपार जाणार कशी? मग पंख्यांचा ट्रे कडेला उभा लावला आणि हवा उजवीकडून डावीकडे खेळवली. एकट्या स्विचला ही सोय उत्तम. पण असे चार चॅसिस एका ओळीत उभे केले की पहिल्याने टाकलेली गरम हवा दुसरा घेतो, दुसऱ्याची तिसरा, आणि ओळीच्या टोकाचा बिचारा सगळ्यांची मिळून घेतो. दोन चॅसिसमध्ये किमान १२ इंच जागा सोडा, असे बसवणुकीच्या पुस्तिकेत लिहिलेले असे. भाड्याच्या जागेत १२ इंच मोकळे कोण सोडतो!

यावर तोडगा ठाऊक होता: कार्डे उभी लावायची. उभ्या कार्डांमधून हवा खालून वर जाते, आणि खाली पुढून आत घेऊन वर मागे सोडली की पुढून-मागे असा प्रवाह तयार होतो. टेलिफोन कंपन्यांच्या कडक निकषांसाठी सिस्कोने ६५०९ चे उभ्या कार्डांचे रूप काढले, पुढे ६५०९-व्ही-ई मध्ये हवा सरळ पुढून मागे नेली. किंमत मोजावी लागली ती उंचीत, कारण कार्डांच्या खाली आणि वर हवेला वळायला जागा द्यावी लागते. २००८ च्या नेक्सस ७००० मालिकेत हाच व्यवहार उघड दिसतो. १० खणांचा ७०१० उभ्या कार्डांचा, पुढून-मागे हवा, उंची २१ रॅक युनिट (एक युनिट म्हणजे ४४.४५ मिलिमीटर). १८ खणांचा ७०१८ मात्र आडव्या कार्डांचा, कुशीतून हवा, उंची फक्त २५ युनिट. जवळपास दुप्पट खण, पण उंची चारच युनिट जास्त. बदल्यात जुनी आडवी हवा परत गळ्यात. २०१३ मध्ये आलेल्या नेक्सस ९५०० ने मधला बोर्डच काढून टाकला. पुढची लाइन कार्डे आणि मागची, लाइन कार्डांना आपसांत जोडणारी फॅब्रिक कार्डे एकमेकांना काटकोनात थेट जोडली, आणि आडव्या कार्डांतूनही हवा आरपार जाऊ लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वात देखणी युक्ती.

दरम्यान डेटा सेंटरची खोली बदलली होती. पूर्वी रॅकच्या ओळी वर्गातल्या बाकांसारख्या, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. त्यामुळे पुढच्या ओळीची गरम हवा मागच्या ओळीच्या तोंडावर. १९९२ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट सलिव्हन यांनी एकाआड एक ओळ फिरवायची कल्पना मांडली: तोंडे समोरासमोर, पाठी पाठीशी. तोंडांच्या गल्लीत थंड हवा सोडायची, पाठींच्या गल्लीतून गरम हवा उचलायची. कोल्ड आइल आणि हॉट आइल हे शब्द आज कोणत्याही डेटा सेंटरमध्ये पहिल्या दिवशी कानावर पडतात, त्यांचे मूळ हे. या रचनेत यंत्राने एकच शिस्त पाळायची, थंड गल्लीतून घ्या आणि गरम गल्लीत सोडा. सर्व्हर ती आधीपासूनच पाळत होते. कुशीतून श्वास घेणारे स्विच पाळू शकत नव्हते.

खरी पंचाईत मात्र रॅकच्या माथ्यावरच्या छोट्या स्विचने केली. प्रत्येक रॅकला स्वतःचा स्विच द्यायचा, म्हणजे सर्व्हरच्या केबल रॅकबाहेर जायला नकोत, ही पद्धत २००० नंतरच्या दशकात रुळली. आता सर्व्हरचे नेटवर्क पोर्ट असतात मागे. तेव्हा स्विचचे पोर्टही मागेच यायला हवेत, नाहीतर चाळीसेक केबल पुढून मागे ओढत बसा. पण ऑफिसच्या कोनाड्यातून आलेल्या स्विचचे पोर्ट म्हणजे त्याचे तोंड. तो रॅकमध्ये उलटा बसवला की तोंड गरम गल्लीत, पाठ थंड गल्लीत. पंखे पोर्टकडून हवा ओढणारे असतील तर तो गरम गल्लीतली हवा पिणार आणि आणखी तापवून थंड गल्लीत ओतणार. पोर्टांच्या बाजूने हवा बाहेर टाकणारे पंखे जन्माला आले ते इथे. केबल कुठे लागते त्यावरून वाऱ्याची दिशा ठरली.

सिस्कोने २००८ च्या नेक्सस ५००० मध्ये हे मनावर घेतले, इतके की बारशालाच बाजू बदलली: पंखे आणि पॉवर सप्लाय असलेली बाजू ‘पुढची’, पोर्टांची बाजू ‘मागची’. रॅकच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. परिणाम असा की सिस्कोच्या फॅन मॉड्यूलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ दिसला तर हवा पोर्टमधून बाहेर पडते, तर अरिस्ता या दुसऱ्या स्विच कंपनीच्या मॉडेलअखेर ‘एफ’ दिसला तर हवा पोर्टमधून आत शिरते, कारण त्यांच्या लेखी पोर्ट म्हणजेच पुढची बाजू. अक्षर एक, वारा उलटा. हा घोटाळा टाळायला बाकीच्यांनी ‘पुढे-मागे’ हा शब्दच सोडला. मेलॅनॉक्स, म्हणजे आताची एनव्हिडिया, ‘पॉवरकडून कनेक्टरकडे’ आणि ‘कनेक्टरकडून पॉवरकडे’ म्हणते; डेल ‘आयओ ते पीएसयू’ आणि ‘पीएसयू ते आयओ’ (आयओ म्हणजे पोर्टांची बाजू, पीएसयू म्हणजे पॉवर सप्लाय). जुनिपरचे ‘एअर इन’ आणि ‘एअर आउट’ वाचताना मात्र क्षणभर थांबावे लागते: ही आत-बाहेर पंख्याच्या बाजूने मोजलेली आहे.

त्यातल्या त्यात रंगांनी लाज राखली. सिस्कोच्या फॅन मॉड्यूलच्या आणि पॉवर सप्लायच्या खिट्टीवर निळा रंग असेल तर ती बाजू थंड गल्लीत, गडद तांबडा असेल तर गरम गल्लीत. पंख्याच्या बाजूला उभे राहून बघायचे: निळ्यातून गार हवा आत जाते, तांबड्यातून गरम बाहेर येते. रॅकपाशी उभ्या असलेल्या माणसाला क्रमांक वाचण्याची गरज पडू नये, एवढाच हेतू.

पंखा उलटा फिरवून दिशा बदलता येत नाही का, हा प्रश्न हमखास येतो. स्विचमधल्या नेहमीच्या पंख्याच्या पात्यांना एका दिशेचा बाक असतो; उलटे फिरवले तर वारा पडतो आणि आवाज तेवढा वाढतो. म्हणून मॉड्यूलमध्ये पंखाच उलटा बसवतात. पॉवर सप्लायमध्ये स्वतंत्र पंखा असतो, त्यामुळे तोही त्याच दिशेचा घ्यावा लागतो. घाईत सुटे भाग मागवताना गफलत होते ती इथे: पाच पंखे एका दिशेचे, पॉवर सप्लाय दुसऱ्या. हे ओळखण्यासाठी मॉड्यूलमध्ये त्याची माहिती नोंदलेली असते आणि प्रणाली ती वाचते. सोनिक ही स्विचची मुक्त कार्यप्रणाली चालणाऱ्या स्विचवर ‘शो प्लॅटफॉर्म फॅन’ ही आज्ञा दिली की वेगाच्या शेजारी दिशेचा रकाना येतो. मिसळ सापडली तर अलार्म वाजतो, आणि काही स्विच थोड्या वेळाने स्वतःला बंद करून घेतात. ते रास्तच आहे, कारण समोरासमोर ढकलणाऱ्या दोन पंख्यांमध्ये हवा जागच्या जागी तापत राहते.

दिशा बरोबर निवडूनही फसगत होते, आणि ती मात्र रॅकच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. रॅक १ मीटरहून खोल, एक युनिटचा स्विच बऱ्याचदा जेमतेम ४५ ते ५० सेंटिमीटर. तो मागच्या खांबांना बसवला की पोर्ट सर्व्हरच्या पोर्टांशेजारी छान येतात, पण त्याचे हवा घेणारे तोंड थंड गल्लीपर्यंत पोचतच नाही. ते रॅकच्या पोटात, अर्धा मीटरहून आत राहते, आणि तिथे सर्व्हरच्या पाठीमागची गरम हवा घुटमळत असते. यासाठी पुढच्या खांबांपासून स्विचपर्यंत पत्र्याची नळी लावतात. दिसायला अगदी क्षुल्लक वस्तू, पण या एका पोकळीसाठी त्यांची वेगळी बाजारपेठ उभी राहिली.

इतके दिवस हे खपून का गेले? कारण खोल्या गार होत्या. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने २००४ मध्ये यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी २० ते २५ अंश सेल्सियस सुचवले होते. वीज वाचवण्यासाठी २००८ मध्ये ती पट्टी १८ ते २७ झाली. थंड गल्ली २७ अंशांवर चालवली की गरम गल्ली सहज ४० च्या घरात जाते, आणि बऱ्याच स्विचची प्रवेशहवेची कमाल मर्यादा ४० च. उलट्या दिशेच्या स्विचला जी १०-१२ अंशांची गुंजाइश होती ती संपली. गल्ल्यांना दारे आणि छत लावून हवा कोंडायला लागल्यावर तर असा एक स्विचही भिंतीतल्या भोकासारखा उघडा पडू लागला.

पंख्याचे गणितही दयामाया दाखवत नाही. हवा वेगाच्या पटीत वाढते, पण लागणारी वीज वेगाच्या घनाच्या पटीत. वेग निम्मा केला तर वीज आठव्या हिश्श्यावर, दुप्पट केला तर आठपट. १ किलोवॉट उष्णता हवेचे तापमान १० अंशांनी वाढवून बाहेर न्यायची तर ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा लागते. ती ढकलायची एक युनिट उंचीच्या, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरच्या खोक्यातून. तिथे ४० मिलिमीटरचाच पंखा मावतो, म्हणून तो मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेत किंचाळतो. गरम हवा पिणारा स्विच पंखे वाढवतो, म्हणजे गारव्याच्या शोधात आणखी वीज जाळतो.

फेसबुकच्या पुढाकाराने २०११ मध्ये डेटा सेंटरच्या यंत्रांचे आराखडे खुले करणारा ओपन कॉम्प्यूट प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रश्नाचे दुसरे टोक पकडले गेले: सर्व्हरचेच पोर्ट पुढे आणले. तंत्रज्ञाने तापलेल्या गल्लीत कशाला जायचे? केबल थंड बाजूला, स्विचचे पोर्ट थंड बाजूला, हवा पोर्टकडून आत. त्यांचे ओरेगॉनमधले प्राइनव्हिल केंद्र कोरड्या पठारावर आहे, तिथे चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मोठ्या शीतयंत्राशिवाय, बाहेरची हवा पाण्याने गार करून भागते. ऐरोली-महापेच्या दमट हवेत ते जमणे कठीण; तिथे गळणाऱ्या प्रत्येक गरम झुळकीचे बिल चिलरमार्फत येते.

अलीकडे पारडे पुन्हा पोर्टकडून आत येणाऱ्या हवेकडे झुकले आहे, आणि कारण ऑप्टिक्स, म्हणजे पोर्टमध्ये बसणारी, विजेच्या संकेतांचे प्रकाशात रूपांतर करणारी मॉड्यूल. १० गिगाबिटचे मॉड्यूल साधारण १ वॉटचे. ४०० गिगाबिटचे १२ वॉटच्या आसपास. असे ३२ म्हणजे पावणेचारशे वॉट केवळ तोंडाशी. या मॉड्यूलच्या आवरणाचे तापमान सहसा ७० अंशांच्या आत ठेवावे लागते. पोर्टकडून हवा आत घेतली तर गार हवा आधी ऑप्टिक्सवर येते, मग चिपवर. उलट्या दिशेत चिपने तापवलेली हवा ऑप्टिक्सच्या वाट्याला येते. त्यामुळे काही मॉडेलांत पोर्टमधून हवा सोडणाऱ्या रूपाला परवानगी असलेले कमाल तापमानच कमी लिहिलेले असते. २०२२ मध्ये ब्रॉडकॉमची सेकंदाला ५१.२ टेराबिट वाहणारी टॉमाहॉक ५ चिप आली. तिच्यावर ८०० गिगाबिटचे ६४ पोर्ट बसतात. प्रत्येकी १५ वॉट धरले तरी हजाराच्या जवळ वॉट नुसत्या ऑप्टिक्सचे.

इथून पुढची पायरी द्रवाची आहे. एनव्हिडियाच्या २०२४ मधल्या जीबी२०० एनव्हीएल७२ रॅकमध्ये ग्राफिक्स चिपना आपसांत जोडणाऱ्या एनव्हीलिंक स्विचचे ट्रे द्रवाने गार होतात, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेले क्वांटम-एक्स फोटॉनिक्स स्विचही द्रवशीतच आहेत. मात्र अशा रॅकमध्येही व्यवस्थापनाच्या जाळ्यासाठी एक युनिटचे साधे स्विच लागतात. ते हवेवर चालतात, आणि त्यांच्या मागणीपत्रात दिशेचा रकाना अजून भरावा लागतो.