वार आणि आईच्या रक्तवाहिन्या: प्रीएक्लॅम्पसियामागचा शोध

बाळंतपणाच्या सुमारास काही स्त्रियांना झटके येतात, हे वैद्यांना प्राचीन ग्रीक काळापासून ठाऊक होते. ते का येतात, याचा पहिला ठोस धागा १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांना मिळाला. अशा स्त्रियांच्या लघवीतून प्रथिने जात होती. १८९६ मध्ये रिव्हा-रोच्ची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचे उपकरण आले आणि झटक्यांआधी दाब चढतो, हेही दिसू लागले. गरोदरपणात चढलेला रक्तदाब आणि सहसा लघवीतली प्रथिने, हाच प्रीएक्लॅम्पसिया; झटके ही त्याची गंभीर पायरी. मग दोष कधी मूत्रपिंडाला, कधी रक्तातल्या अज्ञात विषाला दिला गेला.

खरे तर वारेकडे, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडे (प्लॅसेंटा), बोट दाखवणारा पुरावा समोरच होता. द्राक्षगर्भ या बिघडलेल्या गर्भधारणेच्या पूर्ण प्रकारात बाळ नसते, वाढते ती फक्त वारेची ऊती. तरीही प्रीएक्लॅम्पसिया होतो. शिवाय वार पडल्यावर बहुतेकींचा आजार उतरू लागतो. म्हणजे बाळ नव्हे, वारच मूळ.

पण वार गर्भाशयात. तिच्यामुळे मूत्रपिंड, यकृत, मेंदू कसे बिघडतात? या प्रश्नाचा अर्धा भाग इव्हो ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी सोडवला. वारेखालच्या गर्भाशयाच्या भिंतीचे तुकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी आईच्या नागमोडी धमन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतले स्नायू आणि लवचिक धागे हटवतात, आणि अरुंद धमनी रुंद, सैल होते. आता ती आकुंचन पावू शकत नाही. रक्त संथपणे, भरपूर येते. प्रीएक्लॅम्पसियात मात्र हा बदल वरवरच थांबतो, गर्भाशयाच्या स्नायूंतल्या धमन्या अरुंदच राहतात, असे या गटाने १९७२ मध्ये मांडले. वारेला रक्त कमी आणि अनियमित मिळते.

उरलेला अर्धा भाग रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा. हा आजार मुळात त्या अस्तराचा आहे, हा विचार १९८९ मध्ये जेम्स रॉबर्ट्स यांच्या गटाने मांडला. मधला दुवा मिळाला २००३ मध्ये. शॅरन मेनार्ड, अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांना आजारी स्त्रियांच्या वारेत एसएफएलटी-१ हे प्रथिन जास्त आढळले. अस्तर निरोगी ठेवणारे व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे घटक ते रक्तातच पकडून ठेवते. अस्तराला ते मिळाले नाहीत की वाहिन्या आवळतात, दाब चढतो, मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने झिरपतात. हे प्रथिन वाढवल्यावर उंदरांमध्ये, आणि तेही गाभण नसलेल्यांमध्येसुद्धा, रक्तदाब व लघवीतली प्रथिने दोन्ही वाढली. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत निर्णायक प्रयोग हाच: वार नसतानाही वारेचा संदेश पुरेसा ठरला.

२००४ मध्ये दिसले की एसएफएलटी-१ लक्षणांच्या सुमारे पाच आठवडे आधीच चढू लागते. आज एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या दोन प्रथिनांच्या प्रमाणावरून धोका ताडता येतो.

तरी सगळी कोडी सुटलेली नाहीत. धमन्यांचा तोच दोष, बाळाची वाढ खुंटलेल्या पण रक्तदाब न वाढलेल्या स्त्रियांतही सापडतो. पूर्ण दिवस भरत आल्यावर होणाऱ्या प्रकारात तो बऱ्याचदा नसतोच. २०१७ च्या ॲस्प्रे चाचणीत हा फरक स्पष्ट दिसला. जास्त धोक्याच्या स्त्रियांना ११ ते १४ व्या आठवड्यापासून, धमन्या बदलत असतानाच, रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्पसिया सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. त्यानंतरचा मात्र फारसा घटला नाही.