आपल्या होस्टिंगवर आता पायथॉनही: ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार,

आजवर आमच्या सर्व्हरवर फक्त पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालायची. आता पायथॉन ३ सुद्धा चालेल. तुमची साइट पीएचपीत नीट चालत असेल तर तुम्हाला काहीच करायचं नाही. नवी भाषा आली म्हणून चालती साइट मोडून पुन्हा बांधू नका, असंच आम्ही सांगू. ही सोय आहे ती जांगो किंवा फ्लास्कमध्ये (पायथॉनमध्ये साइट बांधायचे तयार सांगाडे) काम करणाऱ्यांसाठी, आणि एक्सेलच्या ढिगाऱ्यातून रोजचे अहवाल काढावे लागतात त्यांच्यासाठी.

एक फरक मात्र आधी नीट समजून घ्या. पीएचपीत कुणी पान मागितलं की प्रोग्रॅम सुरू होतो, पान देतो आणि संपतो. पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून. पायथॉनचा प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की मेमरीत बसून राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोच उत्तर देतो.

चाचणीच्या दिवसांत एका दुकानदार ग्राहकाचा फोन आला. कोडमधला दर बदलला, फाइल चढवली, तरी साइटवर जुनाच दर. त्यांनी ब्राउझरची कॅश तीनदा पुसली होती. फाइल बरोबरच होती. मेमरीत जुना प्रोग्रॅम बसलेला होता. म्हणून पायथॉनचा कोड बदललात की कंट्रोल पॅनेलमधलं रीस्टार्टचं बटण दाबायचं.

याच कारणाने दुसरी गोष्ट, आणि ही जास्त गंभीर आहे. लॉगिन केलेल्याचं नाव किंवा मोबाइल नंबर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये (सगळ्या प्रोग्रॅमला सामायिक असलेल्या जागेत) ठेवू नका. पीएचपीत पान संपलं की ते पुसलं जातं. इथे ते तसंच राहतं आणि पुढच्या भलत्याच माणसाला दिसू शकतं. अशी माहिती सेशनमध्ये (प्रत्येक पाहुण्याच्या वेगळ्या नोंदीत) किंवा डेटाबेसमध्येच ठेवा.

मराठी मजकुराचं काय, हे बरेच जण विचारतात. लांबी मोजणारं पीएचपीचं साधं स्ट्रलेन फंक्शन ‘पुणे’ या शब्दाची लांबी १२ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. पायथॉन ३ चार सांगतं: प, उकार, ण, मात्रा. आपल्या डोळ्यांना मात्र अक्षरं दोनच. त्यामुळे लांब शीर्षक कापताना पायथॉनमध्येही मात्रा तुटू शकते, तेवढं तपासून घ्या.

प्रत्येक साइटला आम्ही स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट देतो, म्हणजे एका साइटच्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) दुसरीच्या आड येत नाहीत. पायथॉन २ घेणार नाही. त्याची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे आणि त्यातली नवी भोकं आता मूळ चमू बुजवत नाही. जांगोवाल्यांनी साइट खुली करण्याआधी डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सोय) बंद करावं, नाहीतर चूक झाली की आतला कोड आणि सेटिंग्ज पाहुण्यांसमोर उघडी पडतात.

सुरुवात करायची असेल तर पॅनेलमध्ये ‘नवं ॲप’ निवडून रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) चढवा. पीएचपीची जुनी साइट आणि पायथॉनचं नवं ॲप एकाच खात्यात शेजारी शेजारी राहू शकतात. पहिल्यांदा करत असाल तर आधी फोन करा, पहिलं ॲप आम्ही तुमच्यासोबत बसून लावून देऊ.