रांस भरती-ओहोटी वीजकेंद्र

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी प्रांतात, सेंट मालो आणि दिनार या गावांच्या मधल्या, रांस नदीच्या खाडीवर उभे असलेले वीजकेंद्र. भरती-ओहोटीपासून मोठ्या प्रमाणावर वीज काढणारे हे जगातले पहिले केंद्र. बांधकाम १९६१ साली सुरू झाले आणि २६ नोव्हेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल यांनी उद्‌घाटन केले. क्षमता २४० मेगावॉट. वर्षाला साधारण ५० कोटी युनिट वीज मिळते.

जागा निवडायचे कारण पाण्यातच होते. रांसच्या मुखाशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी ८ मीटरचा फरक पडतो, मोठ्या उधाणाला तो १३ मीटरच्या वर जातो. म्हणजे चार मजली इमारत बुडावी इतका. या खाडीत पूर्वी भरतीच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालत.

खाडी अडवणाऱ्या सुमारे ७५० मीटर लांबीच्या बांधाच्या पोटात १० मेगावॉटची २४ जनित्रे आहेत, वरून रस्ता जातो. भरतीला दारे उघडून पाणी आत घ्यायचे, दारे बंद करायची, बाहेरचा समुद्र उतरला की साठलेले पाणी पात्यांवरून सोडायचे, ही मुख्य रीत. कोकणातल्या खारबांधाची उघाडीही (बांधातली पाण्याची झडप) भरती-ओहोटीच्या जोरावर चालते; फक्त तिथे भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे असते.

रांसची खरी गंमत पंपात आहे. हीच यंत्रे उलटी चालवून भरतीच्या शेवटी आणखी पाणी आत चढवता येते. तेव्हा आतबाहेरच्या पातळीत फारसा फरक नसतो. एखादा मीटर चढवलेले पाणी पुढे पाच-सहा मीटर खाली पडते, त्यामुळे पंपाला घातलेल्या विजेपेक्षा जास्त वीज परत मिळते. फुकटात काही मिळत नाही म्हणावे, तर इथे समुद्र मधल्या काळात स्वतःच खाली उतरलेला असतो.

पवनचक्कीला वाऱ्याची वाट पाहावी लागते. इथले वेळापत्रक वर्षभर आधी छापता येते. कोकणातले मच्छीमार तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात (अष्टमीला सहा वाजता), तोच हा चंद्राचा हिशेब. अडचणही त्यातच आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, मागणीची वेळ मात्र सरकत नाही. आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा) वीज बरीच घटते.

बांधकामाच्या वेळी खाडी सुमारे तीन वर्षे समुद्रापासून पूर्ण तोडली गेली. आतले बहुतेक सागरी जीव मेले, जीवसृष्टी पुन्हा बसायला दहाएक वर्षे लागली आणि गाळाची तक्रार अजून आहे. दक्षिण कोरियातल्या सिहवा सरोवराची गोष्ट उलटी: समुद्र अडवणारी भिंत आधीच होती, आतले पाणी सडले होते. तिथे २०११ मध्ये २५४ मेगावॉटचे केंद्र बसवल्यावर समुद्राचे पाणी पुन्हा खेळू लागले, आणि क्षमतेतला रांसचा ४५ वर्षांचा पहिला क्रमांकही गेला.

भारतात अशी मोठी भरती खंबायतच्या आखातात येते. तिथली संभाव्य क्षमता सुमारे ७,००० मेगावॉट धरली जाते, पण केंद्र उभे राहिलेले नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढते. दक्षिणेकडे कोकणात त्याहून कमी.