नीटच्या निकालाआधी कागद जमवा: महाराष्ट्रातल्या एमबीबीएस प्रवेशाची माहिती

नीटचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "एवढ्या मार्कांत कुठलं कॉलेज लागेल?" मी मात्र आधी विचारतो, "व्हॅलिडिटी आली का? नॉन-क्रीमी लेयर कुठल्या तारखेपर्यंत आहे?" व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आणि नॉन-क्रीमी लेयर म्हणजे घर 'संपन्न' गटात मोडत नाही याचा दाखला. मार्क आता बदलणार नाहीत. कागद मात्र मिळत असलेली जागाही घालवू शकतात. भाचीच्या प्रवेशाच्या वेळी हे आम्ही घाम गाळून शिकलो.

पात्रतेचं थोडक्यात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, कमाल वयाची अट नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी हवं. पीसीबीत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के लागतात. नीटमध्ये खुल्यासाठी ५० पर्सेंटाइल (टक्के नव्हे, तर निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणं), राखीवसाठी ४०. पण पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. त्या कटऑफच्या कितीतरी वर शासकीय कॉलेजं भरून जातात.

अर्जाचे दरवाजे दोन आहेत आणि बहुतेकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. त्या, तसंच एम्स, जिपमर आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते. उरलेल्या ८५ टक्के शासकीय जागा आणि राज्यातल्या खाजगी कॉलेजांच्या जागा राज्य सरकारच्या मुंबईतल्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून भरतात. नीटचा फॉर्म भरला म्हणजे या दोन्हीकडे अर्ज झाला असं होत नाही. दोन्ही ठिकाणी वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळ्या तारखा. दोन्हीकडे अर्ज करा.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, वर अधिवासाचा दाखला. राजस्थानात कोट्याला क्लास लावून तिथल्याच एखाद्या शाळेतून बारावीचा फॉर्म भरणारे पालक इथे फसतात. मुलगा कोट्याला जातो आणि महाराष्ट्राच्या कोट्यातून बाहेर पडतो. बदलीच्या नोकरीतले सरकारी कर्मचारी, सैन्यातले पालक यांच्या मुलांसाठी अपवाद आहेत, पण प्रत्येक अपवादाला स्वतःचं प्रमाणपत्र लागतं. ते माहितीपुस्तिकेत शब्द न् शब्द वाचा.

आता कागद. नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' हा एकत्र मिळणारा दाखला. शेवटचा सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतो. वैद्यकीय पात्रतेचं प्रमाणपत्र माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच हवं. ओळखीच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं चालेल असं गृहीत धरू नका. रिपीटर असाल तर मधल्या वर्षाचं गॅप ॲफिडेव्हिट कॉलेज बहुधा मागतं.

खरा वेळ खातात ते आरक्षणाचे कागद. जातीचा दाखला असणं वेगळं आणि जात वैधता प्रमाणपत्र असणं वेगळं. वैधतेसाठी जात पडताळणी समितीला वंशावळीचं शपथपत्र, वडील-आजोबांच्या शाळेचे दाखले आणि जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. आजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले तिथलं जनरल रजिस्टर उघडून नोंद शोधायची, तिची प्रमाणित प्रत घ्यायची, आणि नोंदीत आडनाव वेगळं असलं तर त्याचा खुलासा करायचा, हे काम आठवड्यात होत नाही. म्हणून अर्ज अकरावी-बारावीत असतानाच, ज्युनिअर कॉलेजच्या पत्रासह करा. काकाची किंवा चुलत बहिणीची वैधता आधीच झालेली असेल तर ती जोडा, काम बरंच हलकं होतं. आयत्या वेळी सरकार मुदतवाढ देईल, या आशेवर डॉक्टर होण्याचा बेत ठेवू नये.

नॉन-क्रीमी लेयरची मुदत बघा. २०२६-२७ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. भाचीचं प्रमाणपत्र त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेलं होतं आणि आम्ही ते फाइलमध्ये ऐटीत लावून बसलो होतो. नोंदणी सुरू झाल्यावर लक्षात आलं. मग तहसीलला फेऱ्या, सर्व्हर डाउन, "साहेब मीटिंगला गेलेत". आणखी एक गैरसमज असा की दोघांचा पगार मिळून आठ लाखांवर गेला की नॉन-क्रीमी लेयर मिळत नाही. उत्पन्नाच्या निकषात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाला) मात्र सगळंच धरतात.

हेच दाखले एमसीसीला चालतीलच असं नाही. तिथे ओबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी केंद्राचा नमुना लागतो, आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला शेतजमीन-घराच्याही अटी आहेत. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्ग केंद्रात नाहीच. तिथे तो विद्यार्थी खुला, किंवा निकषात बसला तर ईडब्ल्यूएस. नीटच्या फॉर्ममध्ये निवडलेला प्रवर्गच एमसीसी पुढे वापरते, तेव्हा तो रकाना कॅफेवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

नावाचंही तसंच. भाचीच्या आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त होता. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरायचा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यायचे, तेही नीटचा फॉर्म भरण्यापूर्वी. आमचा तेवढा एक 'एच' वेळेत गेला.

नोंदणी आणि कागद अपलोड झाले की तपासणी होते, मग राज्याची गुणवत्ता यादी आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ येते. इथे लोक उगाच हुशारी करतात. "केईएम कुठलं मिळतंय, वाया जाईल" म्हणून ते खाली टाकतात. काही वाया जात नाही. संगणक तुमच्या रँकवर आला की यादी वरून खाली वाचतो आणि पहिली रिकामी जागा देतो. तेव्हा यादी शुद्ध आवडीच्या क्रमाने लावा. गेल्या वर्षीचा कटऑफ बघायचा तो यादी किती लांब ठेवायची हे ठरवण्यासाठी. आणि ज्या खाजगी कॉलेजची फी झेपणार नाही ते यादीत घालूच नका, लागलं तर पंचाईत. मुलींना एक मोठा आधार आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण शुल्कासह परीक्षा फी सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे.

जागा लागली की दिलेल्या मुदतीत मूळ कागद आणि फी घेऊन प्रत्यक्ष कॉलेजात हजर व्हायचं. पुढच्या फेरीत आणखी चांगलं कॉलेज हवं असेल तर 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म भरू नका. तो भरला की तीच जागा कायम आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. कॉलेजचा क्लार्क घाईत पुढ्यात ठेवेल त्या प्रत्येक कागदावर सही करण्याआधी त्याचं शीर्षक वाचा. शासकीय कॉलेजात शिक्षणानंतरच्या एक वर्षाच्या सेवेचा बाँडही त्याच गठ्ठ्यात असतो.

मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. त्यामुळे देण्याआधी सगळ्यांचे रंगीत स्कॅन करा, साक्षांकित प्रतींचे चार-पाच संच काढा आणि जमा केलेल्या कागदांची पावती घ्या. शिष्यवृत्तीला ते पुन्हा लागतात. आणि धाकट्या भावाची वैधता करायची असेल, तर ताईचीच प्रत जोडायची असते.