आफ्टर ॲडव्हाइस

आस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधील (जादा कामांचा कोड मूळ कोडपासून वेगळा ठेवण्याच्या पद्धतीतील) एक तंत्र. मेथडचे, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कोडच्या तुकड्याचे, काम आटोपले की जादा कोड आपोआप चालवायचा, पण मेथडच्या मूळ मजकुराला हात लावायचा नाही, असे त्याचे स्वरूप. या प्रोग्रामिंगची मांडणी ग्रेगर किचालेस आणि झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ चालणाऱ्या मेथडची कल्पना मात्र लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांकडे त्यापूर्वीच होती.

रत्नागिरीच्या एखाद्या हापूस बागायतदाराचा हिशेबाचा प्रोग्राम घ्या. त्यात ‘पेटीनोंद’ नावाची मेथड आहे (जावास्क्रिप्टला असे देवनागरी नाव खरोखर चालते). नोंद होताच वाशीच्या दलालाला संदेश जायला हवा. तो कोड मेथडमध्येच कोंबला, तर उद्या गाडीभाडे आणि परवा खोक्यांचा साठाही तिथेच येऊन बसतो.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन हे इतर कुठल्याही मूल्यासारखेच असल्यामुळे वाट सोपी आहे. मूळ मेथड बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी वेष्टन-फंक्शन बसवायचे. ते ‘अप्लाय’ने मूळ मेथडला तोच ‘धिस’ (ज्या ऑब्जेक्टवर मेथड चालते तो) आणि तेच आर्ग्युमेंट (मेथडला पुरवलेली मूल्ये) देऊन हाक मारते, मिळालेले मूल्य धरून ठेवते, जादा कोड चालवते आणि धरलेले मूल्य परत करते. हे शेवटचे ‘रिटर्न’ हमखास विसरले जाते. वेष्टन ॲरो फंक्शनने (‘=>’ या आखूड रूपात) लिहिले, तर ‘धिस’ हातचा जातो. डोजो या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ‘आस्पेक्ट’ मोड्यूलमध्ये ‘आफ्टर’ तयार मिळते. तिथे जादा फंक्शनने ‘अनडिफाइन्ड’ (म्हणजे ‘मूल्यच नाही’) सोडून काही परत केले, तर तेच अंतिम मूल्य ठरते.

खरी मेख ‘नंतर’ या शब्दात आहे. मूळ मेथडने एरर फेकला, तर साध्या वेष्टनातला पुढचा कोड चालतच नाही. त्यासाठी ‘फायनली’, म्हणजे एरर आला तरी चालणारा भाग, लागते. ॲस्पेक्टजे या जावावरील भाषेत म्हणूनच सुखरूप परतल्यानंतर, एरर आल्यानंतर आणि काहीही झाले तरी, असे ‘नंतर’चे तीन प्रकार वेगळे केले आहेत. प्रॉमिसचे (निकाल नंतर मिळेल या हमीचे) दुखणे निराळे. पेटीनोंद सर्व्हरवर होत असेल, तर मेथड लगेच परतते, पण हाती पडते ते फक्त प्रॉमिस. बिल्टी हातात आली म्हणजे पेटी वाशीला पोचली असे नव्हे! अशा वेळी जादा कोड त्या प्रॉमिसच्या ‘देन’ला (निकाल आल्यावर चालणाऱ्या भागाला) जोडावा लागतो; यशापयश काहीही असो, तो चालायचाच असेल, तर जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या आवृत्तीत आलेले प्रॉमिसचे ‘फायनली’ कामी येते.

वेष्टन चढण्याआधीच कोणी मूळ फंक्शन आपल्या व्हेरिएबलमध्ये ठेवून घेतले असेल, तर त्याची हाक थेट मुळाला जाते आणि दलालाला संदेश मिळत नाही.