रंगवलेली शेकर दारं: ऑर्डर देण्यापूर्वी एवढं वाचा

किचनची दारं कशी हवीत असं विचारलं की हल्ली बरेच जण बोलतच नाहीत, मोबाइल पुढे करतात. पांढरी नाहीतर फिकट शेवाळी दारं, कडेनं चार पट्ट्यांची चौकट, मध्ये सपाट पॅनेल, वर पितळी मूठ. हे शेकर दार. आम्हाला ते करायला आवडतं. कोरीवकाम नसल्यामुळे सांधा चुकला तर लपवायलाही जागा नसते. पण फोटोतलं किचन बहुतेक वेळा थंड, कोरड्या हवेतलं असतं आणि तुमचं असतं फोंड्याला नाहीतर म्हापशाला, जिथे आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. या फरकानं काय काय बदलतं ते तुम्हाला आधीच माहीत असावं, म्हणून हा कागद. दर वेगळ्या कागदावर आहेत.

शेकर म्हणजे कोण

शेकर हे कंपनीचं नाव नाही. हा एक ख्रिस्ती पंथ. त्यांची पहिली मंडळी १७७४ साली इंग्लंडहून अमेरिकेत गेली. साधेपणा हा त्यांच्या धर्माचाच भाग, त्यामुळे कपाट, खुर्ची, टेबल सगळं नक्षीशिवाय, पण पक्कं. पंथ ब्रह्मचर्य पाळणारा, म्हणून आज जवळजवळ संपलेला. त्यांची कपाटं मात्र जगभर पोचली.

चौकटीत पॅनेल बसवण्याची युक्ती काही एकट्या त्यांची नव्हे. आजोळच्या जुन्या घराचं दार आठवा. जाड चौकट आणि तिच्या खाचेत अडकवलेली मधली फळी, जुन्या मराठीत जिला दिलहा म्हणतात. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आखडतं, म्हणून फळी खिळ्यानं न ठोकता खाचेत सैल ठेवायची. तीच अक्कल इथेही आहे, फक्त जाडी कमी आणि वर रंग.

पाच तुकडे, आणि पट्टी ६५ मिलिमीटरच का

दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या आणि एक पॅनेल. पट्ट्या २० मिलिमीटर जाड. त्यांच्या आतल्या कडेला ६ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल खाच मारतो. आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याच मापाची जीभ काढतो, ती उभ्या पट्टीच्या खाचेत डिंक लावून बसते. क्लॅम्प आवळल्यावर गुण्यावर भागत नाही, टेपनं दोन्ही कर्ण मोजतो. एक मिलिमीटरचा फरक असेल तर डिंक ओला आहे तोवरच दार सरळ होतं.

समजा दार ४४८ मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंच्या ६५ च्या पट्ट्या गेल्या की मध्ये ३१८ उरतात, पण आडवी पट्टी कापायची ३३८, कारण दोन जिभांचे दहा-दहा खाचेत जातात. नवीन मुलगा कामाला लागला की एकदा तरी ३१८ चा ढीग कापून ठेवतोच. त्याच्या ट्रे होतात.

आता तुमचा आवडता विषय. फोटोत पट्टी बारीक असते, चाळीस-पंचेचाळीसची, आणि तुम्हाला तशीच हवी असते. बिजागरीचा गोल कप दाराच्या आतल्या बाजूला लाकडात रुतून बसतो. त्याचं भोक ३५ मिलिमीटर व्यासाचं, ते बाहेरच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत घेतो. झाले ४०. पट्टी ४५ ची असेल तर उरतात ५, आणि आतून पॅनेलची खाच आलेली असते १० पर्यंत. म्हणजे भोक थेट खाचेत फुटतं. दार बसतं, सहा महिने दिसतंही छान, मग डब्यांनी भरलेलं कपाट रोज उघडून-मिटून तिथेच तडकतं. ६५ मध्ये भोक आणि खाच यांच्यात १५ मिलिमीटर लाकूड शाबूत राहतं. साठच्या खाली बिजागरीचं दार आम्ही करत नाही. बारीक पट्टीच हवी असेल तर ते काम दुसरीकडून करून घ्या, आमचा राग नाही.

ड्रॉवरचं उलट. १६० मिलिमीटर उंचीच्या ड्रॉवरला वर-खाली ६५ च्या पट्ट्या लावल्या तर मध्ये ३० मिलिमीटर राहतात, पत्रपेटीच्या फटीसारखे. तिथे बिजागरी नसते, त्यामुळे आडवी पट्टी बारीक करता येते. किंवा सरळ सपाट फळी लावावी. आम्हाला सपाट बरी वाटते.

रंग द्यायचा असेल तर सागवान नको

हे ऐकून वडीलधारी माणसं आमच्याकडे संशयानं बघतात. पण सागवानात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे तो टिकतो, आणि त्यामुळेच त्यावर रंग नीट धरत नाही. शिवाय एवढे महागाचे रेषे विकत घेऊन ते पांढऱ्या रंगाखाली गाडायचे कशाला? घरात जुना सागवान पडला असेल तर आणा, त्याचं पॉलिशचं काही तरी करू.

मत्ती म्हणजे ऐनाचं झाड. तुळईला उत्तम, पण वाळताना तडकते आणि २० मिलिमीटरच्या पट्टीत पीळ धरते. फणसाचा पिवळा सोन्यासारखा असतो, तोही झाकू नये.

चौकटीला आम्ही रबरवुड वापरतो. चीक देणं थांबलेल्या रबराच्या झाडांचं हे लाकूड. उपचार न केलेल्याला भुंगा लागतो आणि काळी बुरशी धरते, म्हणून उपचार केलेलं आणि भट्टीत सुकवलेलंच घ्यायचं. आल्यावर दोन आठवडे आमच्या शेडमध्ये पट्ट्या घालून हवेशीर रचतो आणि मीटर टोचून बघतो. ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर करवतीला हात लागत नाही.

मधलं पॅनेल ६ मिलिमीटरचं, एचडीएचएमआर म्हणजे ओलावा सोसणाऱ्या दाट, दाबीव बोर्डाचं. प्लायवुड का नाही? प्लायवुडचा वरचा पापुद्रा लाकडाचाच असतो, तो पुढे-मागे उभा चिरतो आणि त्या बारीक चिरा रंगातून वर दिसतात. साधं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुकटीचा दाबीव बोर्ड, पाणी पिऊन फुगतं, हे तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. एचडीएचएमआर ओलाव्याला बरंच तग धरतं. पण ‘वॉटरप्रूफ’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. सिंकखालचं दार मात्र आम्ही चौकटीसकट याच बोर्डाचं करतो आणि त्याची खालची कड जास्तीचा सीलर पाजून बंद करतो.

सांध्यावरची केसाएवढी रेघ

आम्हाला सर्वांत जास्त फोन याचे येतात, बहुतेक दिवाळीनंतर. ‘दाराच्या कोपऱ्यात चीर गेलीय.’

लाकूड रुंदीत फुगतं-आखडतं, लांबीत जवळजवळ नाही. आता दाराचा कोपरा बघा. तिथे उभ्या पट्टीची रुंदी आडव्या पट्टीच्या लांबीला भेटते. एक हलते, दुसरी जागची हलत नाही. पावसाळ्यात दमट हवेत फुगलेली ६५ मिलिमीटरची पट्टी पौष-माघात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आखडू शकते, त्यात घरात एसी असला तर जास्तच. रंगाचा थर कागदासारखा पातळ. तो या दोघांच्या मध्ये ताणला जातो आणि सांध्याच्या ओळीत फाटतो. पांढऱ्यावर ती रेघ जास्त दिसते. पुढच्या पावसात पुष्कळदा मिटते.

रेघ म्हणजे सांधा सुटला असं नाही. ओळखायचं कसं? तिच्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल आणि दोन्ही पट्ट्या एका पातळीत असतील तर ती नुसती रंगाची रेघ. नखाचं टोक आत जात असेल किंवा एक पट्टी वर आलेली लागत असेल तर डिंक सुटलाय, चूक आमची. दार घेऊन जाऊ आणि नवीन करून देऊ.

ही रेघ मुळीच नको असेल तर एक पर्याय आहे. अख्खं दार एकाच जाड बोर्डातून मशीननं कोरायचं. सांधाच नाही, तर चीर कुठून येणार? मात्र मशीनचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतले कोपरे गोलसर राहतात. चौकोनी हवेत तर प्रत्येक कोपरा पटाशीनं काढावा लागतो, दाराला चार कोपरे, वीस दारांचे ऐंशी. असं दार जड होतं, आणि कोपरा आपटला तर लाकडापेक्षा लवकर चेपतो. आमच्या स्वतःच्या घरी लाकडी चौकटीची दारं आहेत, रेघांसकट.

रंग

दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे रंग आणि त्याला कडक करणारा हार्डनर मिसळून, स्प्रेनं. आधी प्रायमरचे दोन हात, प्रत्येक हातानंतर घासाई, मग रंगाचे दोन हात. पांढऱ्यासाठी हार्डनर न पिवळणाऱ्या जातीचा घेतो. साध्या हार्डनरचा पांढरा पुढे दह्याच्या सायीसारखा होतो.

‘आतून एकच हात मारा, तिथे कोण बघतंय,’ असं सुचवलं जातं. नाही. बाहेर चार थर आणि आत एक असेल तर दोन बाजू हवेतला ओलावा वेगवेगळ्या वेगानं घेतात आणि दार वाकतं. आतली बाजू बाहेरच्या इतकीच रंगते.

पावसात आमची सकाळ कॉम्प्रेसरपासून सुरू होते. टाकीच्या तळाची चावी उघडली की आधी फसफस, मग चहाच्या कपभर गढूळ पाणी. हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीत सुटतो. ते पाणी बंदुकीतून रंगात गेलं तर हार्डनर पाण्याशी लागतो, वायू सुटतो आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात. वाळल्यावर ते घासून काढून परत रंगवण्याखेरीज उपाय नसतो.

चवथीआधी मिळेल का?

पावसाळ्यात शेडमध्ये आलेला प्रत्येक माणूस हे विचारतो. आमची कहाणी सांगतो. काही वर्षांमागे एका कुटुंबाला चवथीआधी किचन हवं होतं, आम्हीही हो म्हणून बसलो. जुलैअखेर रंग झाला. हाताला कोरडा लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी बबल रॅपमध्ये गुंडाळून एकावर एक रचून टेम्पोत घातला. घरी जाऊन उघडलं तर पंचवीसच्या पंचवीस दारांवर ओळीनं गोल गोल ठसे, गोवर उठल्यासारखे. वरून कोरडा, आतून कच्चा. यजमानीणबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या चवथीला त्यांनी नेवऱ्या तळल्या त्या दारं नसलेल्या कपाटांसमोर, पडदे लावून.

तेव्हापासून शेवटच्या हातानंतर दारं सात दिवस रॅकवर उभी असतात, पावसात दहा. मध्ये फोम, बबल रॅप नाही. आभाळ कोसळत असेल त्या दिवशी स्प्रे बंद. ओल्या हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते.

हिशोब असा: कोरड्या दिवसांत मापं घेतल्यापासून दारं बसेपर्यंत सहा ते सात आठवडे. जून ते सप्टेंबर, दहा आठवडे धरा. चवथीला नवं किचन हवं असेल तर शिगम्याला ऑर्डर द्या. आगाऊ रक्कम वाढवून दिली म्हणून रंग लवकर वाळत नाही. हे आम्ही हसत सांगतो, पण खरंच सांगतो.

मापं आणि बिजागऱ्या

ग्रॅनाइट आणि टाइल्स बसल्यानंतरच मापं घेतो, नकाशावरून नाही. जुन्या चिऱ्यांच्या घरात भिंत क्वचितच ओळंब्यात असते. तिथे कपाट आणि भिंत यांच्यात २० ते ३० मिलिमीटरची पट्टी सोडतो आणि ती भिंतीच्या वळणाप्रमाणे रंध्यानं उतरवतो. दोन दारांत ३ मिलिमीटर फट ठेवतो. फोटोतली दीड मिलिमीटरची फट श्रावणात दारं एकमेकांना घासून बंद होते.

९०० मिलिमीटर उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या, १६०० पर्यंत तीन, त्यावर चार. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टील ३०४ च्या घ्या. खाऱ्या हवेत साध्या बिजागऱ्यांना तांबेरा चढतो आणि तो पांढऱ्या रंगावर ओघळतो.

वापरताना

आधीच सांगतो, शेकर दाराला खालच्या आडव्या पट्टीवर एक पायरी असते. तिच्यावर तेल आणि धूळ बसते. सपाट लॅमिनेटचं दार पुसायला सोपं, यात वाद नाही. आठवड्यातून एकदा मऊ कापड, कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा थेंब. तारेची घासणी, ब्लीच आणि संडासाचं अ‍ॅसिड लांब ठेवा. हळदीचा हात आणि सोलांचं पाणी लगेच पुसा. पांढऱ्यावर हळद रात्रभर राहिली तर डाग तिथेच मुक्काम करतो.

आणि कुकर वरच्या कपाटाखाली लावू नका. शिटीची वाफ रोज दाराच्या एकाच खालच्या कडेवर जाते. दुरुस्तीला परत येणाऱ्या दारांत बहुतेक दारं तीच असतात.

सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, आम्ही रंगाचा नंबर आणि महिना-वर्ष लिहून वर पारदर्शक थर देतो. कधी एखादं दार परत करायचं झालं तर फोन करण्याआधी ते उघडा आणि तो नंबर वाचून दाखवा.